दादासाठी अठरा किलो

अठरा किलो म्हणजे काय हो! आमच्या काट्यावर ते दिसतसुद्धा नाहीत!

थट्टा नाही. मी वजनकाट्यावर काम करतो. धान्याच्या एका मोठ्या गोदामाच्या फाटकाशी जमिनीत बसवलेला लोखंडी काटा आहे. त्यावर ट्रक येऊन उभा राहतो, मी केबिनच्या खिडकीतून आकडा बघतो आणि पावती फाडतो. भरलेला ट्रक वजा रिकामा ट्रक. बावीस वर्षं हेच. आणि हा काटा वीस किलोच्या खालचं काही हिशेबातच धरत नाही. एखादं कुत्रं चढून उतरून गेलं तरी आकडा ढिम्म हलत नाही. त्यामुळे सर्जन जेव्हा गंभीर चेहरा करून म्हणाले, "अठरा किलो कमी करावे लागतील," तेव्हा मी चक्क हसलो.

"किती दिवसांत?"

"चार महिने धरू."

"तीनमध्ये करून दाखवतो!"

सर्जननी माझ्याकडे पाहिलं. मग माझ्याखालच्या खुर्चीकडे पाहिलं. ती बिचारी मधूनमधून कुरकुरत होती.

प्रकरण असं होतं. माझ्या थोरल्या भावाच्या, दादाच्या, दोन्ही किडन्या गेल्या होत्या. आठवड्यातून तीनदा, चार-चार तास, त्याचं रक्त मशीनमधून फिरवून परत त्याच्या अंगात सोडायचे. आमच्या सगळ्यांच्या तपासण्या झाल्या. वहिनीचं जुळेना, ताईला साखर निघाली. माझं मात्र असं जुळलं की तपासणारी बाई म्हणाली, "जुळे आहात का?" दादा उभा राहिला की दाराच्या फटीतून आत येईल असा, आणि मी दारात उभा राहिलो की बाहेरच्याला आत येता येत नाही असा. जुळे! पण आतून तसेच निघालो खरे. अडचण एकच. एकशे बारा किलोच्या माणसाला भूल द्यायची आणि त्याचा धडधाकट अवयव काढायचा, हे करायला सर्जन तयार नव्हते.

मी घरी जाऊन जाहीर करून टाकलं, "अरे किडनी म्हणजे काय! देवानं दोन दिल्यात. एक माझी, एक दादाची. आजवर त्याची मी सांभाळली, एवढंच!"

काय टाळ्या पडल्या! वहिनीनं डोळ्यांना पदर लावला. बायको तर माझ्याकडे अशी बघत होती की लग्नानंतर पहिल्यांदाच बघतेय असं वाटावं. तिनं फ्रिजवर तक्ता चिकटवला. सकाळी काकडी, दुपारी काकडी, संध्याकाळी चालणं. बूट आणले. घामासाठी छोटा टॉवेल आणला. मी आरशात स्वतःला एका बाजूनं बघितलं आणि मलाच माझा अभिमान वाटला. मग दुसऱ्या बाजूनं बघितलं आणि दिवा बंद केला.

महिन्यानं पुन्हा दवाखान्यात काट्यावर उभा राहिलो. एकशे चौदा!

"वाढलं?" सर्जन.

"बूट नवीन आहेत," मी.

"बूट काढून मोजलंय."

आता कमी करायचे झाले वीस. म्हणजे आमच्या काट्यावरसुद्धा दिसले असते!

खरं काय ते तुम्हाला सांगतो. सर्जननी पहिल्याच दिवशी एक माहितीपत्रक दिलं होतं. त्यात माणसाचं चित्र होतं आणि त्याच्या कमरेपासून पोटापर्यंत एक तुटक रेघ होती. वर्तमानपत्रातल्या कुपनावर असते ना, 'येथे कापा', तशी. ते पत्रक मी घडी घालून खिशात ठेवलं, आणि घरी जाताना कोपऱ्यावरच्या दुकानातून संत्र्याच्या गोळ्यांची एक मोठी बरणी घेतली. का घेतली, विचारू नका. मला भूक नव्हती. त्या दिवसापासून ती बरणी केबिनमधल्या खालच्या खणात, पावतीपुस्तकांच्या मागे असायची. घरी मी काकडी खायचो. इतकी निष्ठेनं खायचो की बायकोचा विश्वास बसावा. केबिनमध्ये मात्र दादाचा फोन आला की खण उघडायचो. वहिनीचा आला की उघडायचो. कोणी म्हणालं, "तुझ्यासारखा भाऊ मिळायला भाग्य लागतं," की दोन मुठी!

सर्जन माझ्यावर ओरडले नाहीत. त्यांनी एका चिठ्ठीवर नाव लिहून दिलं. "ह्या मनाच्या डॉक्टर आहेत. एकदा भेटा."

"मला मनाचं काही नाही हो, पोटाचं आहे."

"भेटा."

भेटलो. छोटीशी खोली, दोन खुर्च्या, एक कुंडी. बाई माझ्या मुलीच्या वयाच्या. पहिलाच प्रश्न, "भूक लागल्यावर खाता का?"

"नाही."

"मग कधी?"

"समोर असलं की."

"समोर कोण आणून ठेवतं?"

मी कुंडीकडे बघायला लागलो. म्हणालो, "मीच."

त्यांनी एक साधी वही दिली. "काय खाल्लं याचं वर्णन नको. खाण्याआधी मनात काय आलं ते एका ओळीत लिहा, आणि पुढे आकडा. खोटं लिहायचं नाही. ही वही फक्त तुमची."

फक्त माझी! इथूनच सगळा घोटाळा झाला.

मी प्रामाणिकपणे लिहायला लागलो. त्या आठवड्याची पानं मला अजून पाठ आहेत, कारण नंतर ती इतक्या लोकांनी वाचली की कुणालाही विचारा, म्हणून दाखवेल.

'सोमवार. दादाच्या मशीनचा आवाज आठवला. अकरा गोळ्या.

मंगळवार. बायकोशी पुन्हा खोटं बोललो. चौदा गोळ्या.

बुधवार. मी कुणाच्या उपयोगाचा नाही. एकोणीस गोळ्या. काही फरक पडला नाही.

गुरुवार. आता बास. उद्या दुपारच्या सुट्टीत गोदामाच्या गच्चीवर जाऊन उरलेलं सगळं एकदाच संपवून टाकणार. बायकोला कळलं तर रडेल. कुणाला सांगायचं नाही.'

तुम्हीच सांगा, यात माझं काय चुकलं? बरणीत बेचाळीस गोळ्या उरल्या होत्या. फेकून द्यायला जीव होईना. म्हटलं शुक्रवारी संपवू, शनिवारपासून नवा माणूस. केबिनमध्ये ड्रायव्हर लोक येत-जात असतात, म्हणून गच्ची.

शुक्रवारी दुपारी बरणी शर्टाखाली धरून मी लोखंडी जिन्यानं वर गेलो. शर्टाखाली बरणी घेतल्यानं माझ्या आकारात काहीच फरक पडत नाही, हा माझा एक फायदा. अठ्ठेचाळीस पायऱ्या. वर पोचेपर्यंत माझं इंजिन पार तापलं होतं. पाण्याच्या टाकीच्या सावलीत कठड्यावर टेकलो, झाकण उघडलं.

इकडे खाली आमचा स्टोअरकीपर पावत्या न्यायला केबिनमध्ये आला. त्याला आम्ही सायरन म्हणतो. पोटात काही ठेवायची त्याला सवय नाही. टेबलावर वही उघडी! त्यानं सोमवार वाचला. मंगळवार वाचला. गुरुवारपर्यंत पोचला आणि जो वाजायला लागला!

मी वर चौतिसाव्या गोळीवर होतो. खाली गलका ऐकू आला. बघतो तर हमाल पळतायत, ड्रायव्हर पळतायत, मॅनेजरसाहेब उघड्या पायांनी पळतायत. मला वाटलं, गोदामाला आग लागली!

मी उठून कठड्यावरून वाकलो आणि ओरडलो, "काय झालं?"

खालून पन्नास माणसं एकदम किंचाळली, "मागे व्हा!"

मागे व्हा? का? आणि मग माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. छप्पर! छप्पर खचतंय माझ्या वजनानं! खालून त्यांना तडे दिसतायत! मला घाम फुटला. एक पाऊल टाकलं तर आरपार धान्याच्या ढिगात जाईन. मी जागच्या जागी खांबासारखा उभा राहिलो.

मॅनेजरसाहेबांनी कर्णा तोंडाला लावला. "ऐका! तुमची रजा मंजूर आहे!"

तीन महिन्यांपूर्वीचा अर्ज! ही काय वेळ आहे का!

"साहेब, आधी मला उतरवा!"

"उतरवतो! पण तसे उतरू नका!"

"मग कसा उतरू?"

"शांतपणे! आयुष्य सुंदर आहे!"

तेवढ्यात सायरननं हमालांना हुकूम सोडला, "पोती रचा खाली!" भराभर पोती आली. मुकादम म्हणाला, "किती थर लावू? वजन किती धरायचं?"

"वजन काट्यावाल्याला विचार!"

"काट्यावाला वरच आहे की!"

"अहो," मुकादमानं मान वर करून मला विचारलं, "तुमचं वजन किती?"

पन्नास माणसांसमोर! जे मी बायकोला सांगत नव्हतो, ते गच्चीवरून ओरडून सांगायचं? पण जिवाचा प्रश्न होता. "एकशे चौदा!" मी ओरडलो.

मुकादमानं रचलेल्या पोत्यांकडे पाहिलं. मग मुकादम म्हणाला, "अजून दोन थर आणा रे."

मी शाळेत शिकलो होतो, बर्फ तडकला तर आडवं पडावं, भार पसरतो. म्हणून मी आडवा पडलो. पालथा, हातपाय पसरून. खालच्यांना मी दिसेनासा झालो.

"पडला!" सायरन कळवळून ओरडला. "गोळ्या भिनल्या!"

गोळ्या भिनल्या, हे मला ऐकू आलं, पण अर्थ लागेना. पुढची दहा मिनिटं मी गरम गच्चीवर गाल टेकवून पडून होतो. मग अग्निशमनची शिडी कठड्याला लागली आणि एक आडदांड जवान वर आला. माझ्याशेजारी गुडघे टेकून त्यानं माझी नाडी धरली.

"काका, डोळे उघडे ठेवा. किती घेतल्या?"

मी लाजेनं मेलो. म्हणजे सगळ्यांना कळलं! "चौतीस," मी हळूच म्हणालो. "आठ राहिल्यात."

"कसल्या होत्या?"

"संत्र्याच्या."

जवानानं बरणी उचलली. हुंगली. एक गोळी काढून उन्हात धरून पाहिली. मग त्यानं वॉकीटॉकी तोंडाशी नेला आणि तसाच परत कमरेला अडकवला.

खाली उतरलो तेव्हा सायरन माझ्या गळ्यात पडून रडत होता. बायको आली होती. तिनं बरणीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि फक्त म्हणाली, "काकडी तरी कशाला खात होता हो माझ्यासमोर?"

आणि तिच्यामागे दादा उभा होता.

शुक्रवार हा त्याच्या मशीनचा दिवस. वहिनीला सायरनचा फोन गेला, तेव्हा तो मशीनवर होता. चार तासांपैकी दीड झाला होता. त्यानं नर्सला सुया काढायला लावल्या आणि तसाच निघाला. दंडाला कापसाचा बोळा चिकटपट्टीनं लावलेला, तो लालसर झालेला. चेहरा राखेच्या रंगाचा. रिक्षातून उतरून फाटकापासून इथवर चालून आल्यावर त्याला बोलायला दम उरला नव्हता.

लोक अजून हसत होते. मीही हसत होतो. दुसरं काय करणार?

दादा म्हणाला, "केबिनमध्ये चल, ढब्बू."

त्यानं दार लावलं. माझ्या खुर्चीवर बसला. बाहेर काट्यावर एक ट्रक भोंगा वाजवत उभा होता. मी वजन घ्यायला उठलो तर म्हणाला, "थांबू दे त्याला." मग वही हातात घेऊन त्यानं सगळी पानं वाचली, सावकाश, अगदी पहिल्या पानापासून.

"तुला द्यायची नाहीये ना?"

"असं काय बोलतोस दादा? द्यायचीय!"

"मग?"

मी बरंच काही बोलायला तोंड उघडलं. सवय, ताण, दुकानवाला, नवीन बूट. त्यातलं काही बाहेर आलं नाही. "भीती वाटते," मी म्हणालो. "त्या रेघेची. भूल दिल्यावर जाग आलीच नाही तर? वजन उतरलं की तारीख देतील. म्हणून... मला वाटतं म्हणूनच ते उतरत नाही."

हे मी त्या क्षणापर्यंत स्वतःशीसुद्धा बोललो नव्हतो.

दादा मान हलवत राहिला. "मलाही वाटते. रोज. फक्त मला खाता येत नाही. पाणीसुद्धा वाटीनं मोजून मिळतं." मग म्हणाला, "हे बघ, नाही म्हणायचं असेल तर तोंडानं म्हण. मी रागावणार नाही, तू माझा भाऊच राहशील. पण पोटानं नको म्हणूस. तुझ्या प्रत्येक महिन्याच्या आकड्याकडे मी डोळे लावून बसलेला असतो रे."

मी 'नाही' म्हणालो नाही. 'हो'ही लगेच म्हणू शकलो नाही. पण त्याला दवाखान्यात परत मी नेलं, आणि उरलेले अडीच तास त्याच्या शेजारी बसलो. आजवर मी एकदाही तिथे आत बसलो नव्हतो. फळं देऊन बाहेरच्या बाहेर पळायचो, आणि ती फळं त्याला चालतही नव्हती.

त्यानंतर मी दर वेळी जायला लागलो. मशीनचा आवाज दारातून वाटायचा तसा भयानक नव्हता, जुन्या कपडे धुण्याच्या यंत्रासारखा होता. मनाच्या डॉक्टरबाईंना सगळं खरं सांगितलं. त्या म्हणाल्या, "भीती जाईल याची वाट बघू नका. ती बरोबर असू दे, फक्त तिला खायला घालू नका." हे बोलायला सोपं. गोदामात तर माझी पंचाईतच झाली होती. जो तो माझ्या हातात काय आहे ते बघायचा. मुकादम येता-जाता विचारायचा, "आता किती थर?" पण सायरननं एक उपकार केला. रोज दुपारच्या सुट्टीत तो मला गोदामाभोवती फिरवायचा आणि सगळ्या गावाच्या बातम्या सांगायचा. त्या ऐकवत नसल्यामुळे मी भरभर चालायचो.

दोनदा घसरलो. एकदा ताईकडच्या अख्ख्या केकवर, एकदा सर्जननी ऑपरेशनची खोली दाखवली त्या संध्याकाळी. पण घसरलो की दादाला तोंडानं सांगायचो. तो म्हणायचा, "किती?" मी आकडा सांगायचो. तो हसायचा. मग उपाशी माणसासारखा विचारायचा, "चव कशी होती?" आणि मी केकची चव सविस्तर सांगायचो, मशीन चालू असेपर्यंत.

चारऐवजी आठ महिने लागले. त्र्याण्णव किलो! मी काट्यावरून उडी मारून उतरलो. माहितीपत्रक खिशात होतं, पण मी सर्जनसमोर बसून म्हणालो, "तारीख द्या."

सर्जन माझे कागद बघत म्हणाले, "तुमचं सगळं उत्तम आहे. उदाहरण म्हणून दाखवावं असं." मग त्यांनी दुसरी फाइल पुढे ओढली. दादाचं हृदय महिन्याभरात फार कमजोर झालं होतं. एवढं मोठं ऑपरेशन ते सोसणार नव्हतं.

"मी चार महिन्यांतच केलं असतं तर?" मी विचारलं.

ते भले गृहस्थ होते. टोपण पेनाला लावत म्हणाले, "सांगता येत नाही." 'तरी काही फरक पडला नसता' असं म्हणता आलं असतं तर ते सरळ तसं म्हणाले असते, एवढं मला आता कळत होतं.

दादाला मी तेच विचारलं. मशीन चालू होतं. तो म्हणाला, "तू इथे येऊन बसायला लागलास ना? मग झालं." आणि थोड्या वेळानं, "ताईकडे काल काय होतं जेवायला? नीट सांग."

सात आठवड्यांनी एका दुपारी तो गेला. मी केबिनमध्ये होतो, काट्यावर ट्रक होता. फोन ठेवून मी वजन घेतलं, पावती फाडली, ड्रायव्हरला दिली. नंतर कळलं की त्या पावतीवर आकडाच नव्हता.

घरी माणसं जमली. दूरच्या गावाहून आमची म्हातारी मावशी आली. तिनं मला दोन वर्षांत पाहिलं नव्हतं, आणि तिला कुणी काही सांगितलंही नव्हतं. मला दारात बघताच तिनं तोंडावर हात घेतला.

"अरे देवा! भावाच्या दुःखानं निम्मा झाला गं हा! बघा, बघा कसा वाळलाय!"

सगळ्यांनी माना हलवल्या. कुणीतरी च्‌च् केलं. मला सांगावंसं वाटलं, की मावशी, दुःखानं मी वाळत नाही गं, दुःखानं मी फुगतो! पण वहिनी समोर बसली होती. 

मावशीनं हाताला धरून मला आत नेलं, पाटावर बसवलं आणि ताट वाढलं. भरपूर वाढलं. "खा. माझ्यासमोर खा. असा उपाशी मरायचाय का?"

नाही कसं म्हणणार? मी पहिला घास घेतला, आणि इतके दिवस न आलेलं रडं नेमकं तेव्हा आलं. तोंड भरलेलं, गिळवेना, थुंकवेना, नाकाडोळ्यांतून पाणी.

मावशी घाबरली. "काय रे? तिखट लागलं का?"

"हो," मी म्हणालो. "जरा जास्तच झालंय."

तिनं भाजी बाजूला केली आणि वर आणखी भात वाढला.